तांब्याचा ठोका

आप्पांचं मौन आणि गॅसचा गिझर, ह्या दोन गोष्टी एका घरात सुखानं नांदणं अवघडच होतं. पण तेव्हा हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या तर मुळीच नाही, कारण त्या गिझरमधलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. आज साठीला टेकले तरी तो गुण पुरता गेलेला नाही. सूनबाई म्हणते, "आई, तुम्ही मेकॅनिकला बोलावू देत नाही, आणि आलाच तर त्याला काम करू देत नाही." खरं आहे ते. पण कुणाच्याही घरी न्हाणीत गॅसचा गिझर दिसला की मी आधी गिझर बघत नाही, मान वर करून झरोका बघते. लोकांना वाटतं, ही बाई आमच्या घरातली जळमटं मोजायली.

सोनपेठला बाजाराच्या रस्त्याला आमचं भांड्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागं घर. आप्पा, म्हणजे माझे वडील, कुठलंही भांडं गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी बोटाच्या पेरानं वाजवून बघायचे. घागर असो, तांब्या असो, साधी वाटी असो, एक ठोका मारायचा, कान तिरपा करायचा आणि मग म्हणायचं, "ऐका, आवाज कसा हाय!" चीर असलेलं भांडं त्यांच्या कानातून कधी सुटलं नाही. आठवडी बाजाराला खेड्यांतल्या बाया यायच्या, त्या म्हणायच्या, "आप्पा, आमाला ह्यात वरन शिजवायचंय का भजन करायचंय?" आप्पा हसायचे आणि पुन्हा एक ठोका मारायचे. दिवसभर घरात तो ठणठणाट चालायचा. मी त्यातच वाढले, त्यामुळं अजूनही भांड्यांच्या दुकानावरून जाताना माझा पाय आपोआप हळू होतो.

घर आमचं लिंगायताचं. अंघोळ, मग इष्टलिंगाची पूजा, आणि मगच पोटात काही. चहासुद्धा त्याच्या आधी नाही. हा नेम सगळ्यांचाच होता. आप्पांचा त्यावर आणखी एक होता, तो त्यांचा त्यांनीच लावून घेतलेला. अंगावर पहिला तांब्या घेतला की मौन सुरू, ते पूजा आटोपून कपाळाला विभूती लावून उठेपर्यंत. मधे तोंडातून शब्द गेला तर त्या दिवशी जेवण बंद, थेट दुसऱ्या दिवशीच्या पूजेनंतर. एकदा सकाळी कुणीतरी दुकानाच्या फळीवरून ओरडलं, "आप्पा, पितळी कळशी हाय का?" आणि न्हाणीतून आप्पा सवयीनं बोलून गेले, "हाय!" झालं. दिवसभर माणूस उपाशी. आईनं त्या कळशीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि तेव्हापासून घरात कायदा झाला की आप्पा न्हाणीत असताना त्यांना हाक मारायची नाही. हाक मारली की ते ओ देणार, आणि ओ दिली की चूल थंड.

मग लागेल ते कसं सांगायचं? तांब्या होता की. आप्पा आतून तांब्या बादलीच्या काठावर आपटायचे. एक ठोका म्हणजे पाणी गार झालं, दोन म्हणजे टॉवेल राहिला, तीन म्हणजे साबण संपला. पाहुण्यांना ह्या टेलिग्रामचं फार नवल वाटायचं. माझी आत्या तर म्हणायची, "ह्याच्यापरीस बोललेलं काय वाईट?"

त्या काळी अंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात तापायचं, आणि बंबात जळायच्या पऱ्हाट्या. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्यांचा एवढा मोठा ढीग परसात यायचा. उजाडायच्या आत बंब पेटवायचं काम आईचं. ओल्या पऱ्हाट्यांचा धूर खाऊन खाऊन तिचे डोळे बारमाही लाल. विजेचा गिझर घेऊन उपयोग नव्हता, कारण नेमकी अंघोळीच्या वेळेला लाईट गुल. म्हणून मीच आप्पांच्या मागं लागले, गॅसचा गिझर घ्या, गॅसचा गिझर घ्या. आप्पांनी महिनाभर ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि एक दिवस परभणीच्या एस.टी.तून उतरले ते नातू घ्यावा तसा खोका छातीशी धरून.

बसवायला युसूफचाचा आले. स्टँडच्या कोपऱ्यावर त्यांची स्टोव्ह, पेट्रोमॅक्स दुरुस्तीची टपरी होती. त्यांचे वडील आमच्या दुकानातल्या भांड्यांना कल्हई करायचे, तेव्हापासूनचा घरोबा. चाचांनी भिंतीला भोकं पाडली, नळी जोडली, साबणाचा फेस लावून कुठं गळतंय का ते पाहिलं. नळ सोडला. टक टक टक अशी ठिणगी उडाली, मग भप्प करून निळी ज्योत पेटली आणि अर्ध्या मिनिटात नळातून वाफा. आई तर नळालाच नमस्कार करायची राहिली होती. जाताना चाचांनी वरच्या झरोक्याकडं बोट केलं. "बेटी, ये झरोका कबी बंद नक्को करना. आग को बी सांस होना." मी मान हलवली. खरं सांगायचं तर माझं लक्ष खोक्यातल्या माहितीच्या पुस्तकात होतं. पुस्तक वाचता येतं म्हटल्यावर चाचांचं काय ऐकायचं, अशी एकंदर अक्कल.

आणि खरंच, पहिल्या पावसाळ्यात तो गिझर मी एकटीनं सांभाळला. ठिणगी उडेना झाली तेव्हा सेल दमट झाले होते, ते चुलीजवळ वाळवले आणि शेवटी नवीनच घातले. ठिणगी उडते पण पेटत नाही, तेव्हा पाण्याला जोर कमी होता. टाकी खाली होती, ती चार विटा घालून वर उचलवली. एकदा दोन तास सगळं खोलून बघितलं, आप्पा एक ठोका, एक ठोका देऊन दमले, आणि शेवटी आईनं येऊन सिलेंडरचा खटका चालू केला. "काखेत कळसा अन् गावाला वळसा," म्हणाली. बोअरचं पाणी आमच्याकडं जड, भांड्यात पांढरा थर धरणारं. तसाच थर गिझरच्या जाळीत बसून धार करंगळीएवढी झाली, तेव्हा जाळी काढून रात्रभर लिंबाच्या पाण्यात टाकली. गल्लीतल्या बाया आपल्या घरचा गिझर बिघडला की मला न्यायच्या. तेव्हा गल्लीत गिझर होते दोनच, ही गोष्ट वेगळी.

मग थंडी आली. हुरड्याचे दिवस, आणि सकाळी असा बोचरा वारा की तोंड धुवायला नको वाटावं. झरोक्यातून वारा थेट गिझरवर यायचा आणि ज्योत विझायची. आप्पा अंगाला साबण लावून बसलेले, नळाला गार पाण्याची धार. ठक. मी बाहेरून टाकीचा कॉक बंद करून चालू करायची, पुन्हा पेटायचं, पुन्हा विझायचं. ठक. ठक म्हणजे केवळ ठक नसायचा, त्यात राग असायचा. तोंड बंद असलेल्या माणसाला तांब्यातून रागवता येतं, हे मी तेव्हा शिकले. चार दिवस हे चाललं आणि पाचव्या दिवशी मी स्टुलावर चढले, साखरेच्या पोत्याचा तुकडा घेतला, त्यात जुन्या वाकळेची चिंधी गुंडाळली आणि झरोक्यात गच्च बोळा कोंबला.

दुसऱ्या दिवशी एकही ठोका नाही! न्हाणीत नुसती ऊब. पूजेनंतर आप्पा म्हणाले, "आज पानी लय झ्याक होतं बग." आई म्हणाली, "माजी लेक इंजिनेरच हाय!" आणि मी दोन दिवस हवेत. ज्योत आता निळी नव्हती, पिवळी झाली होती आणि वर वर हलायची. आईनं गिझरच्या काचेतून बघून म्हटलं, "समईवानी दिसायली की गं." मलाही ते छान वाटलं. आमच्या घरात पिवळी ज्योत म्हणजे देवाची, तिच्यात वाईट काय असणार? गिझरच्या टोपणाला काजळी धरली, ती मी फडक्यानं पुसली. आप्पा पूजेनंतर कपाळ दाबत बसायला लागले, "डोकं जड हाय आज." आईनं सुंठ उगाळून लावली. "कालचा हुरडा लय झाला तुमाला. पित्त हाय." सगळं समोर मांडून ठेवलेलं होतं हो. वाचणारीला तेवढं वाचता आलं नाही.

त्या सकाळी आई न्याहारीला सुशीला करत होती. चुरमुरे भिजवून पिळून ठेवलेले, कढईत तेल तापलेलं, मी मिरच्या चिरत होते. आप्पांची अंघोळ आम्हाला कानानं पाठ होती. आधी बादली भरायची, नळ बंद करायचा, मग तांब्या बुडायचा, अंगावर पाणी, दगडावर पाणी, पुन्हा तांब्या. त्या दिवशी तांब्याचा आवाज चार-पाच वेळा आला आणि थांबला. दुसऱ्या बादलीला सोडलेला नळ मात्र चालूच. पाणी बादलीत पडायचा आवाज बदलला, काठावरून सांडायचा आवाज यायला लागला.

"आई, बादली वाहायली," मी म्हटलं.

"असंल. पाय घासायले असतील."

"आप्पा बादली वाहू देतेत का कदी?"

आप्पा पाण्याचा थेंब वाया जाऊ द्यायचे नाहीत, हे आईलाही माहीत होतं. मी उठून न्हाणीच्या दाराशी गेले. दाराखालून पाणी यायला लागलं होतं, कढत. "आप्पा" हा शब्द अगदी ओठावर आला, तेवढ्यात आई उलथनं घेऊन मागं उभी. "खबरदार! हाक मारलीस तर आजचा दिवस उपाशी बसतील. काल बी धड जेवले न्हाईत, डोकं दुखतंय म्हनून."

मी काय करावं? मी फळीवरचा तांब्या घेतला आणि बाहेरून दारावर एक ठोका मारला. बाहेरून ठोका मारायची आमच्यात पद्धतच नव्हती, त्याचा अर्थ काय तेही ठरलेलं नव्हतं. पण आप्पांना कळेल असं वाटलं. मी थांबले. पुन्हा मारला. पुन्हा थांबले. कढईत मोहरी करपल्याचा वास आला आणि आई तरी तिथंच उभी, मी तरी तिथंच. किती वेळ गेला असेल ते मला सांगता येत नाही. फार नसेल. पण आयुष्यातला तेवढा वेळ मला परत मिळाला तर मी दुसरं काही मागणार नाही.

मग मी ओरडले. "आप्पा!" गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. "आप्पा, ओ द्या! आप्पा!"

आतून काही नाही. नुसतं पाणी.

आईनंच माझ्या हातात उलथनं दिलं. दाराच्या फटीतून ते घालून मी कडी वर उचलली आणि दार ढकललं. आत वाफ कोंडलेली, गिझरमध्ये पिवळी ज्योत हलतेय, आणि आप्पा दगडावर भिंतीला पाठ टेकून बसलेले. अंगाला साबण तसाच, गळ्यात लिंग, डोळे अर्धे उघडे, आणि हातात तांब्या घट्ट धरलेला. आम्ही दोघींनी त्यांना काखेत धरून परसात ओढलं. ज्या वाऱ्याचा मी एवढा राग केला होता, तो तिथं भरपूर होता. मी धावत जाऊन सिलेंडर बंद केला. आई त्यांच्या अंगावर पदर टाकून त्यांचे गाल थापटायली होती आणि हाका मारायली होती, "अहो! अहो, बोला की! मोडू द्या तुमचं मौन, आग लागो त्याला! बोला!" शेजारीपाजारी धावले. थोड्या वेळानं आप्पांना उलटी झाली, त्यांनी डोळे उघडले, आणि आमचा जीव भांड्यात पडला. गावातले डॉक्टर आले, म्हणाले गॅस चढलाय, बंद खोलीत असा जळला की विष होतो, वास येत नाही, कळत नाही, माणूस बसल्या जागी झोपतो. जीप करून परभणीला नेलं. तिथं दोन दिवस नाकातोंडावर ऑक्सिजन.

ते दोन दिवस मी घरी होते, आणि त्या दोन दिवसांत गल्लीनं निकाल लावून टाकला. युसूफनं गिझर चुकीचा बसवला. स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्याला गिझर कशाला सांगायचा? आमच्याच ओट्यावर बसून बाया बोलायच्या आणि मी त्यांना चहा द्यायची. बोळा अजून झरोक्यातच होता. तो काढायलासुद्धा मला त्या न्हाणीत जाववेना. आप्पा जगले ह्याचा आनंद होता, पण त्याच्याखाली ही घाण मी दडपून बसले होते. लाज वाटते सांगायला, पण भीती वाटायची ती आप्पांची नाही, कौतुकानं मला गिझर बघायला नेणाऱ्या बायांची.

आप्पा घरी आले त्या संध्याकाळी बघायला दहा-बारा माणसं जमली. युसूफचाचाही आले. कुणी त्यांना बस म्हटलं नाही. ते सरळ न्हाणीत गेले, स्टुलावर चढले. मी दारात. त्यांचा हात झरोक्यावर गेला, बोळ्याला लागला. त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. एकदाच पाहिलं. मग बोळा काढून काखेत दाबला, बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "धूर जाने का रस्ता बराबर नव्हता आप्पा. मेरीच गलती."

लग्नाची पोर, हिच्या नावावर बाप मरता मरता वाचल्याचं बालंट नको, एवढाच त्यांचा विचार असणार. एखादी शहाणी गप्प बसली असती. मी मात्र सगळ्या माणसांच्या मधे उभी राहिले आणि रडत रडत म्हटलं, "चाचाची चूक न्हाई. त्यांनी मला सांगितलं होतं झरोका बंद करू नको म्हनून. बोळा मी कोंबला. त्यांच्या काखंत हाय बगा."

आईनं तोंडाला पदर लावला. आप्पा बाजेवर पडल्या पडल्या माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता ते काय बोलतील ते आयुष्यभर पुरेल. तसं झालंही, पण मला वाटलं होतं ते नाही.

"कांते," ते म्हणाले, "तू दारावर तांब्या वाजवलास न्हवं?"

"व्हय."

"आन् मंग हाक मारलीस?"

"मारली."

"ऐकायलो होतो मी. दोनी ऐकले." त्यांनी छताकडं बघितलं. "ओ द्यावी का मौन पाळावं, ह्याच इचारात होतो. इचार करता करता जीभच हलंना. मंग तांब्या उचलाया गेलो, त्यो बी हलंना."

आईचा पदर तोंडावरून खाली आला. "बग गं माय! मरायलेत आन् इचार करायलेत! ह्या मानसाला काय म्हनावं?" आणि ती भरल्या डोळ्यांनी हसायलाच लागली. युसूफचाचा हसले, मग सगळे हसले. मी सोडून. आप्पांनी हात पुढं केला, चाचांना बाजेवर आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाले, "युसूफ, उद्या सकाळी ये. न्हाणीची कडी काढून टाक, आन् ह्यो गिझर उचलून भाईर परसात लाव. वाऱ्यावर. विझला तर विझला." मला त्यांनी बोल लावला नाही. तेव्हाही नाही, पुढंही नाही.

मौन त्यांनी सोडलं नाही. सोडलं असतं तर ते आप्पा कसले? पण दुसऱ्या दिवसापासून एक नवीन गोष्ट सुरू झाली. प्रत्येक तांब्या अंगावर घेतला की ते बादलीच्या काठावर हळूच एक ठोका मारायचे. ठक म्हणजे गार पाणी नाही, टॉवेल नाही, काही नाही. ठक म्हणजे आहे. आणि ठोका चुकला तर हाक मारायची, आणि त्या हाकेला ओ दिली तर मौन मोडलं असं धरायचं नाही, हा कायदा त्यांनीच केला. त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. गेले ते एका दुपारी जेवून, पान खाऊन, दुकानाच्या गादीवर.

आई आता माझ्याकडं असते, परभणीला. ऐंशी ओलांडली. त्या सकाळबद्दल ती कधी बोलायची नाही. पण मागच्या थंडीत, मी तिला तेल लावत असताना, एकदम म्हणाली, "त्या दिवशी मी तुला आडवलं गं. तू पयल्यांदाच हाक मारनार होतीस."

"आई, बोळा तर मी कोंबला होता."

"व्हय," ती म्हणाली, "बोळा तुजा आन् तोंड माजं. दोगी मिळून मारायलो होतो बग त्यांला." आणि बराच वेळ माझा हात धरून बसली. मलाही रडू आलं, ते मी आवरलं नाही.

आमचा गिझर इथं गॅलरीत आहे, उघड्यावर. आईला कसलं मौन, ती अंघोळ करताना सगळ्या नातेवाइकांशी बोलत असते, गेलेल्यांशीसुद्धा. पण तांब्या घेतला की ठोका देते. कुणी सांगितलेलं नाही. मी कणीक मळता मळता मोजत असते. आज सकाळी सात झाले आणि आठवा येईना. बोलणंही थांबलं. मी पिठाच्या हातानं दाराशी गेले. सून म्हणाली, "आई, असतील हो त्या." मी थांबले नाही. सगळी बिल्डिंग उठेल असं ओरडले, "आई!"

"जित्ती हाय गं!" आतून आवाज आला. "साबन लावायले. मानसानं साबन बी लावू नये का?"

आणि मग ठोका आला.